माझ्या आवाजात वाचणारी मुलगी

यंदा मे महिन्यात मी निवृत्त झाले आणि ऑगस्टमध्ये अमरावतीला नव्या शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मला 'अनुभवी शिक्षिका' म्हणून बोलावणं आलं. शाल दिली, नारळ दिला, खुर्चीही गादीची दिली. भाषण संपल्यावर एका तरुण मुलीने हात वर केला. मेळघाटच्या पायथ्याशी तिची पहिलीच नेमणूक झाली होती. तिने विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं तुम्ही उत्साह कसा काय टिकवला?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. मुलांचे निरागस चेहरे पाहिले की थकवा पळतो, वगैरे. टाळ्या पडल्या. त्या बिचारीने ते वहीत लिहून घेतलं. अकोल्याच्या बसमध्ये बसल्यावर मात्र मला स्वतःची लाज वाटायला लागली, कारण मी चक्क थाप मारली होती. उत्साह टिकला बिकला नव्हता. तो संपला होता, आणि तो संपलाय हे मला एका नऊ वर्षांच्या मुलीमुळे कळलं. दिवाळी अंकासाठी लिहाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा म्हटलं, चला, त्या तरुण शिक्षिकेला खरं उत्तर निदान आता तरी देऊ.

आधी आमचं काम समजावून सांगते. माझी शेवटची शाळा अंजनगाव सुर्जीजवळच्या एका लहान गावात होती. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, पानमळे आणि भाजीची वाडी. शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन, गावंडे सर आणि मी. म्हणजे एका वेळी दोन वर्ग सांभाळायचे. तिसरीला फळ्यावर गणितं घालून द्यायची आणि तेवढ्यात चौथीला शिकवायचं. चौथीला लिहायला लावायचं आणि तिसरीच्या भांडणाचा निवाडा करायचा. त्यातच खिचडीचा तांदूळ मोजायचा, कुठलीशी माहिती मोबाइलवर भरायची, आणि झाडाला पाणी घालतानाचा मुलांचा फोटो वर पाठवायचा. फोटोसाठी कधी कधी एकाच झाडाला तीनदा पाणी मिळायचं. ते झाड मात्र छान वाढलं.

माझे यजमान सरकारी नोकरीत अकोल्याला होते आणि घरही तिथेच. मी अंजनगावात खोली करून राहायचे, शनिवारी दुपारी अकोटवरून घरी जायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत यायचे. संसाराची निम्मी वर्षं अशी पिशवी भरण्यात गेली.

या सगळ्यात माझा एक अभिमान होता, तो म्हणजे माझं वाचन. धडा शिकवताना शिक्षकाने आधी स्वतः नीट, भावासकट वाचून दाखवायचा असतो, त्याला आदर्श वाचन म्हणतात. डी.एड.ला असताना त्यात माझा पहिला नंबर आला होता. मी वाचायला लागले की खिडकीबाहेरून जाणारी माणसं थांबत, हे मी नाही, गावंडे सर सांगायचे. मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. शाळा बंद. मी हट्टाने प्रत्येक धडा, प्रत्येक कविता स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि पालकांच्या ग्रुपवर टाकली. तालुक्यात कौतुक झालं. शाळा सुरू झाल्यावरही मी दर वर्षी नव्या पुस्तकाचं तसंच करत राहिले.

पुढे पुढे काय झालं, ते सांगायला जड जातं. मी दमले. गुडघे दुखत होते, बदली होत नव्हती, आणि सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा की आज शाळेला सुट्टी असती तर बरं. मी एक छोटा स्पीकर विकत घेतला. मराठीचा तास आला की मोबाइल त्याला जोडायचा, धडा सुरू करायचा आणि खुर्चीत बसून राहायचं. मुलं माझा जुना, उत्साही आवाज ऐकायची. मीही ऐकायचे. पाहणाऱ्याला वाटे, काय आधुनिक बाई आहेत.

आचल ही त्या वेळी चौथीत होती. काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, आणि बोलताना मान एका बाजूला कलती. तिची आई शोभाबाई अंजनगावच्या बाजारात भाजी विकायची, वडील पानमळ्यावर कामाला जायचे. गावंडे सर आणि मी वर्गासोबत वर सरकत असू, त्यामुळे पहिलीपासून मीच तिची बाई. तिची पहिली बंद शाळेत गेली होती, पण मला तिची कधी काळजी वाटली नाही, कारण आचल शाळेतली सगळ्यात सुंदर वाचणारी मुलगी होती. थांबायचं तिथे थांबायची, प्रश्न आला की आवाज चढवायची. कोणी पाहुणा आला की मी हाक मारायचे, "आचल, वाच बरं." माझ्या नोंदवहीत तीन वर्षं तिच्या नावापुढे वाचनाच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलेलं होतं. तिचं लिहिणंही सुवाच्य होतं. फळ्यावरचं ती हुबेहूब उतरवून घ्यायची. उतरवून घेणं आणि लिहिता येणं यातला फरक मला त्या दिवसांत दिसत नव्हता.

त्या जानेवारीत मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून ठेवला होता. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती, पण म्हटलं पुरे. महिनाअखेरीला तालुक्याला नेऊन द्यायचा, एवढंच बाकी होतं.

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख भेटीला आले. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे हे साहेब, स्वभावाने चांगले. ते टेबलाशी बसले आणि मी सवयीने आचलला पुढे बोलावलं. तिने जत्रेचा धडा काढला. मी तिच्या मागे उभी होते. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं आणि आवाज नेहमीसारखा खणखणीत. मग तिने पान उलटलं. कधीतरी डब्यातलं वरण सांडून तिच्या पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती, ती एकदम उलटली गेली. समोर पानभर आकाशपाळण्याचं चित्र होतं. अक्षर एकही नाही.

आचल वाचतच राहिली. तिचं बोट आकाशपाळण्याच्या खालून डावीकडून उजवीकडे गेलं, परत डावीकडे आलं, पुन्हा उजवीकडे गेलं. एक शब्द चुकला नाही. आणि एका वाक्याच्या मध्येच ती दोनदा खोकली.

तो खोकला माझा होता. त्या धड्याचं रेकॉर्डिंग करताना मला ठसका लागला होता आणि पुन्हा करायचा कंटाळा म्हणून मी तो तसाच ठेवला होता. पोरीने तोसुद्धा पाठ केला होता.

साहेबांना समोरून पुस्तक दिसत नव्हतं. त्यांनी टाळी वाजवली आणि शेरेपुस्तकात लिहिलं की वाचनाचा दर्जा तालुक्याला दाखवण्यासारखा आहे. आचलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चित्राकडे पाहते आहे, हे तिला दिसलं. तिला कळलं की मला कळलं. मी साहेबांना चहा दिला, त्यांच्या शेऱ्याखाली सही केली. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेली ती सगळ्यात खोटी सही होती.

साहेब गेल्यावर आचल माझ्या टेबलाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मायले सांगू नका मॅडम."

मी तिला खडूने एक सोपा शब्द लिहून दिला. मग अजून सोपा. तिला दहा-बारा अक्षरं ओळखू येत होती, त्यांना जोडता येत नव्हतं. चौथीच्या जानेवारीत. जूनमध्ये ती अंजनगावच्या मोठ्या शाळेत पाचवीला जाणार होती. तिथे साठ मुलांच्या वर्गात तिच्यासाठी कोणी रेकॉर्डिंग करणार नव्हतं. ती मागच्या बाकावर बसणार, वर्षभर गप्प राहणार, आणि सातवी-आठवीपर्यंत कधीतरी शाळा सोडून भाजीच्या टोपलीशी बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. अशी मुलं मी पाहिली होती. ती दुसऱ्यांची होती म्हणून हळहळून सोडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी आचल शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शोभाबाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. पोट दुखतं म्हणते, म्हणाल्या, पण घरी चांगली खाते. मग व्हरांड्यात टेकून त्यांनी त्यांचं गाऱ्हाणं काढलं. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता आणि अमरावतीला तपासणीची तारीख मिळाली होती. पोरीने कागद वाचून बुधवार सांगितला. दिवसाची मजुरी बुडवून नवरा-बायको गेले, तर त्या दिवशी ती तपासणी नव्हतीच. डॉक्टर लोकांना गरिबाची किंमत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी कागद मागितला. तो त्यांनी कमरेच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्यावर शुक्रवार होता.

आचल आईच्या पदराआड उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिने मला सांगू नका म्हटलं होतं, आणि मलाही सांगायचं नव्हतं, कारण तिच्याबरोबर माझंही पितळ उघडं पडणार होतं. पण तो कागद हातात असताना गप्प बसणं मला जमलं नाही. मी सांगितलं. आचलला वाचता येत नाही. ती माझा आवाज ऐकून पाठ करते. तीन वर्षं मी 'उत्तम' लिहिलं ते न तपासता लिहिलं. यात तिची चूक नाही, माझी आहे.

शोभाबाईंनी कागदाची घडी घालून तो पुन्हा कमरेच्या पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता या सरपंचाकडे जातील, आणि गेल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. मग त्या म्हणाल्या, "चूक कोनाची हाये ते मले नका सांगू. मले वाचता येत नाई, म्हून तं तिले शाळेत धाडलं. आता तुमी तिले शिकवसान का नाई, तेवढं सांगा."

मी हो म्हटलं. त्या उठल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराला निघून गेल्या. आचल रडत होती. मी तिला जवळ घेतलं, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडले. गावंडे सर दारात आले होते, ते बघून आल्या पावली परत गेले.

त्या दिवशी स्पीकर कपाटात गेला. मी स्वतःला एक नियम घालून घेतला की आचलसमोर मी वाचायचं नाही. हे किती कठीण होतं, ते वाचनात पहिला नंबर आलेल्या बाईलाच कळेल. पोर अडली की शब्द माझ्या ओठांवर यायचा आणि मी तो गिळायचे. एकदा तर मी तोंडाला पदर लावून बसले.

शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी आम्ही व्हरांड्यात चिंचोके मांडून अक्षरं जुळवायचो. आधी बेल व्हायच्या वेळेला कशीबशी पोचणारी मी, आता सगळ्यांच्या आधी कुलूप उघडत होते. अक्षरं जरा बसल्यावर चिठ्ठ्या सुरू केल्या. चिठ्ठीवर एक काम लिहायचं, ते तिने मनात वाचायचं आणि करून दाखवायचं. कोणी मोठ्याने काही बोलायचं नाही. पहिल्या चिठ्ठीवर होतं, 'दार लाव.' आचल ती हातात घेऊन पाचेक मिनिटं उभी राहिली आणि जाऊन घागर भरून आली. मी मान हलवली. तिने पुन्हा चिठ्ठी पाहिली. चौथ्या वेळी तिने जाऊन दार लावलं, आणि मग ते पुन्हा उघडून पुन्हा लावलं, कारण तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

पोरगी हुशार होती आणि तिची हुशारीच आम्हाला आडवी यायची. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की ती चिठ्ठ्याही पाठ करते. कागदाचा तुकडा कसा फाटलाय, डाग कुठे आहे, यावरून ती काम ओळखायची. म्हणजे एकदा दिलेली चिठ्ठी पुन्हा चालत नव्हती. रोज नवी वाक्यं लागायची, तीही तिने कधी न ऐकलेली, आणि वाचावंसं वाटेल अशी. हळूहळू तिसरी-चौथीची सगळीच पोरं चिठ्ठी मागू लागली. 'गावंडे सरांच्या चपला मोज.' 'मॅडमच्या डब्यात काय आहे ते पाहा आणि कोणाला सांगू नको.' 'खिडकीत बसलेल्या चिमणीला नाव दे आणि फळ्यावर लिही.' चिमणीचं नाव आचलने शोभा ठेवलं. तिने फळ्यावर कोणाचंही न पाहता लिहिलेला तो पहिला शब्द.

मी वाक्यं शोधायला लागले. सोमवारच्या बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून, अकोल्याला भाजी चिरताना, दवाखान्याच्या रांगेत. एका रविवारी जेवताना मी एकटीच हसले, तर यजमानांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, उद्यासाठी एक वाक्य सुचलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो अर्ज द्यायचाय ना? तारीख उलटून गेली." मला खरंच आठवण राहिली नव्हती. त्यांनी माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली आणि सोमवारची पिशवी भरायला घेतली. इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस, अजून दोन वर्षं एकटा राहायला असा मुकाट्याने तयार झाला. त्या उपकाराबद्दल मी त्यांना कधी नीट बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

तर अमरावतीच्या प्रशिक्षणातल्या त्या मुलीला मला हे सांगायचं होतं. उत्साह आधी येतो आणि मग आपण शिकवतो, असं मी तीस वर्षं समजत होते. माझ्यात उत्साह होता तेव्हाही तो माझ्या आवाजाचा होता, माझ्या धड्याचा होता. समोरच्या पोराच्या डोक्यात नेमकं काय चाललंय, याची उत्सुकता मला आचलने लावली. ती उत्सुकता असली की सकाळी उठायला दुसरं काही लागत नाही. गुडघे तसेच दुखतात. आचलनंतर मी दर जूनला प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन, पुस्तक बाजूला ठेवून, कोऱ्या कागदावरचं नवं वाक्य वाचायला द्यायचे. आणि आचलच्या आधी किती जणांना मी असंच 'उत्तम' लिहून पुढे ढकललं असेल, त्याचा विचार आला की अजून जेवण गोड लागत नाही. त्यांची नावंही मला आठवत नाहीत.

एप्रिल उजाडला. ऊन इतकं की शाळा सकाळची झाली. एक दिवस केंद्रप्रमुखांचा निरोप आला की तालुक्याचे मोठे साहेब येतायत, तुमची ती वाचणारी मुलगी त्यांना दाखवायची आहे. आचल तोवर वाचत होती, पण कशी? अक्षरावर अक्षर ठेवत, मध्ये श्वास घेत, कपाळावर आठ्या घालून. आवाज सपाट. जानेवारीत तिचं वाचन ऐकलेल्या माणसाला वाटलं असतं की पोरीला काहीतरी झालंय. गावंडे सरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तोच जत्रेचा धडा द्या ना तिले. पाठच हाये. पोरीचीबी इज्जत राहते, शाळेचीबी." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. माझ्याही मनात आलंच होतं.

मी आचललाच विचारलं. तिने मान कलती करून थोडा विचार केला आणि विचारलं, "पाठ म्हनलं तं ते वाचनं होते का?" मी नाही म्हटलं.

मोठे साहेब आले, केंद्रप्रमुख त्यांच्या शेजारी बसले. आचलने पुस्तक आणलंच नाही. मोठ्या साहेबांच्या पिशवीतून मुलांचं एक मासिक डोकावत होतं, ते तिने मागितलं आणि मधलंच एक पान उघडलं. ती वाचायला लागली. पहिल्या ओळीलाच अडली. केंद्रप्रमुख चमकून माझ्याकडे पाहू लागले. दुसऱ्या ओळीत एक जोडाक्षर आलं. ती थांबली, बोट त्यावर रुतवलं, ओठ हलवून पाहिले. ती चांगली मिनिटभर थांबली असेल. केंद्रप्रमुखांना राहवलं नाही. ते पुढे वाकले आणि मदत म्हणून त्यांनी शब्दाचं पहिलं अक्षर उच्चारलं.

आचलने मान वर केली नाही. बोट तिथेच ठेवून ती म्हणाली, "सांगू नका सर. मी वाचून राहिली."

केंद्रप्रमुख मागे सरकून बसले. उतारा आठ ओळींचा होता. मधल्या सुट्टीची वेळ टळली, बाहेर खिचडी गार झाली, आणि ती शेवटच्या शब्दावर पोचेपर्यंत आमच्यापैकी कोणीही उठलं नाही.